फुकटच्या तिकिटाचे पैसे

एका रविवारी दुसरी मिस्सा संपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण धर्मगुरुनिवासाच्या ओट्यावर येऊन थांबला. हातात दोन रंगीत पत्रके होती. लग्नाची नोंद द्यायला आला असावा, असे मला वाटले. परंतु 'फादर, एक सल्ला हवा होता. तसा धार्मिक विषय नाही,' असे म्हणून त्याने ती पत्रके माझ्यापुढे ठेवली. दोन्ही क्रेडिट कार्डांची होती आणि दोन्ही कार्डे विमानप्रवासाशी जोडलेली. कार्डाने खर्च करावा तितके 'मैल' खात्यावर जमा होतात, आणि पुरेसे मैल साठले की विमानाचे तिकीट फुकट मिळते, असा त्यांतील मजकुराचा मथितार्थ. त्याची बहीण टोरंटोला राहते. तिला मुलगा होऊन वर्ष लोटले, तरी आजीने नातवाला अजून मोबाइलच्या पडद्यावरच पाहिले आहे. जाण्यायेण्याच्या तिकिटाला लाखभर रुपये लागतात. 'यांतले कोणते घेऊ, म्हणजे आई लवकर जाईल?' एवढाच त्याचा प्रश्न होता.

आम्हा धर्मगुरूंना लोक नाना विषयांवर सल्ला विचारतात. विहिरीची जागा, मुलीचे स्थळ, मुलाची शाखा. त्यांत या प्रश्नाची भर पडली म्हणून मी प्रथम हसलो. पण 'धार्मिक विषय नाही' हे त्याचे शब्द माझ्या मनातून जाईनात. पुढे काही आठवडे मी या विषयावर वाचले, विचार केला, आणि अखेरीस माझ्याच एका व्यवहारापाशी येऊन अडलो. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी त्याचा हिशेब पाहू, कारण संसारी माणसाने प्रथम हिशेबच पाहिला पाहिजे. पत्रकांतील आकडे थोडे सोपे करून सांगतो. पहिल्या कार्डाचे वार्षिक शुल्क दहा हजार रुपये; त्यावर अठरा टक्के कर धरून ११,८००. दर शंभर रुपयांच्या खर्चामागे चार मैल, विमानतळावरील आरामकक्षात मोफत खानपान, आणि वर्षाचा खर्च पाच लाखांवर गेला तर आणखी दहा हजार मैलांची बक्षिसी. दुसऱ्या कार्डाचे शुल्क करासह १,७७० रुपये. शंभरामागे दीड मैल. बाकी काही नाही. मैलाची किंमत उदारपणे एक रुपया धरू. या तरुणाच्या घरी कार्डाने होण्यासारखा खर्च महिना पंचवीस हजार, म्हणजे वर्षाचा तीन लाख. पहिले कार्ड त्याला बारा हजार मैल देईल आणि ११,८०० रुपये घेईल. हाती राहिले दोनशे. दुसरे साडेचार हजार मैल देईल आणि १,७७० घेईल. हाती राहिले २,७३०. म्हणजे दिसायला थोर असलेले कार्ड त्याच्यासाठी लहान आणि साधे दिसणारे मोठे!

'पण फादर, पाच लाखांचा टप्पा गाठला तर?' त्याने विचारले. त्याचे डोके चांगले चालते. टप्पा गाठला तर पहिले कार्ड एकूण तीस हजार मैल देते, आणि शुल्क वजा जाता १८,२०० रुपये हाती राहतात. फक्त त्यासाठी वर्षाकाठी दोन लाखांचा जादा खर्च करावा लागेल. 'घराची फरशी तशी बदलायचीच होती,' तो पुटपुटला. मी त्याच्या घरी अनेकदा गेलो आहे. फरशी चांगली आहे. पत्रक हाती येण्यापूर्वी ती बदलायची गरज त्या घरात कोणाला वाटली नव्हती. मोह आपल्यासमोर नेहमी पापाच्याच रूपाने उभा राहतो असे नाही. पुष्कळदा तो बचतीचा वेष घेऊन येतो.

त्याला आणखीही एक गोष्ट सांगितली. हे मैल म्हणजे पैसा नव्हे. त्यांची किंमत ठरवणारा आणि बदलणारा एकच पक्ष असतो, आणि तो आपण नसतो. किंगफिशर एअरलाइन्स २०१२ साली बंद पडली. जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली. विस्तारा ही कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या प्रवाशांचे गुण दुसऱ्या योजनेत गेले. ज्यांनी वर्षानुवर्षे मैल साठवले त्यांना ते कधी मिळाले, कधी बदलून मिळाले, कधी मिळालेच नाहीत. कसर आणि जंग लागणाऱ्या धनाविषयी प्रभूने डोंगरावरील प्रवचनात जे सांगितले, त्याला आजच्या काळातले याहून चपखल उदाहरण मला तरी सुचत नाही.

येथवर सारे व्यवहारज्ञान झाले. त्यासाठी धर्मगुरूची गरज नव्हती. मला अडवणारा प्रश्न निराळा होता. तिकीट फुकट मिळते, पण विमान काही फुकट उडत नाही. इंधन, वैमानिक, धावपट्टी यांचे पैसे कोणीतरी देतोच. मग आजीच्या टोरंटोच्या तिकिटाचे पैसे कोण देतो?

या योजनांचा इतिहास फार जुना नाही. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचे कार्ड आले, तेव्हा ते उपाहारगृहाचे बिल महिनाअखेर देण्याची केवळ एक सोय होते. १९५८ साली कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकेने हजारो घरांना न मागता कार्डे पाठवली आणि उधारीला बँकेचे घर मिळाले. मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या नित्याच्या प्रवाशांसाठी मैलांची योजना काढली; जो अधिक प्रवास करील त्याला बक्षीस, एवढाच तिचा आशय. १९८७ साली त्या मैलांची सांगड एका बँकेच्या कार्डाशी घातली गेली, आणि विमानात पाऊलही न ठेवता, केवळ खरेदी करून मैल मिळू लागले. विमान कंपन्या बँकांना मैल विकू लागल्या. आज हा जोडधंदा मूळ धंद्याहून किफायतशीर झाला आहे. २०२४ या एका वर्षात डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीला अमेरिकन एक्सप्रेसकडून सात अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. त्या वर्षीचा तिचा निव्वळ नफा याच्या साधारण निम्मा होता. २०२० साली महामारीत विमाने उभी होती, तेव्हा युनायटेड एअरलाइन्सने आपली मैलांची योजनाच तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. शेतकऱ्याने शेत नव्हे तर गिऱ्हाइकांच्या नावांची वही गहाण ठेवावी, तसा हा प्रकार!

बँक हे मैल विकत घेते ते कोणत्या पैशातून? तीन झरे आहेत. पहिला, कार्डधारकाचे वार्षिक शुल्क. ते आपण पाहिले. दुसरा, दुकानदाराकडून घेतलेला हिस्सा. आपण कार्ड दिले की शंभर रुपयांतले साधारणतः दीड ते अडीच रुपये दुकानदाराला मिळतच नाहीत. ते बँका आणि कार्डाचे जाळे चालवणारी कंपनी यांच्यात वाटले जातात. दुकानदार संन्यासी नसतो. हा खर्च तो मालाच्या किमतीत मिसळतो, आणि ती किंमत सर्वांना सारखीच असते. बाजारात रोख पैसे मोजून साखर घेणारी म्हातारी आणि कार्डाने साखर घेणारा अधिकारी एकच भाव देतात. त्यातला काही अंश अधिकाऱ्याकडे मैलांच्या रूपाने परत येतो, म्हातारीकडे येत नाही. २०१० साली बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अभ्यासकांनी अमेरिकेपुरता हा हिशेब मांडला. वर्षाला वीस हजार डॉलरपर्यंत मिळकत असलेले कुटुंब या व्यवस्थेत सरासरी २१ डॉलर गमावते, आणि दीड लाख डॉलरहून अधिक मिळकतीचे कुटुंब ७५० डॉलर कमावते, असे त्यांना आढळले. युरोपीय संघाने २०१५ साली क्रेडिट कार्डांवरील बँकांमधील हा हिस्सा ०.३ टक्क्यांवर बांधून टाकला आणि तेथील बक्षिसेही आटली. आपल्याकडे खात्यातून यूपीआयने पैसे दिले तर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क पडत नाही. म्हणूनच तेथे कोणी तिकीट देत नाही.

गरीब विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट आपण सारे जाणतो. मार्कच्या शुभवर्तमानात तिच्या अगोदरची वाक्ये मात्र आपण घाईने ओलांडतो. तेथे प्रभू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी इशारा देतो, आणि लगेच ती विधवा येऊन मंदिराच्या भांडारात आपली सारी उपजीविका टाकते. मी पंचवीस वर्षे या उताऱ्यावर प्रवचने दिली ती तिच्या औदार्यावर. तिच्या दमड्या पुढे कोणाच्या उपयोगी पडल्या, हा प्रश्न मला पडला नव्हता.

तिसरा झरा व्याजाचा. आणि येथे मला दुसऱ्या एका माणसाची गोष्ट सांगितली पाहिजे. तो प्रायश्चित्त संस्काराला नव्हे, कार्यालयात आला होता. त्याच्या अनुमतीने, ओळख लपवून लिहितो. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तो मुकादम आहे. पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णालयाने अनामत मागितली. खिशात कार्ड होते. पगाराच्या खात्याबरोबर आलेले, त्याने न मागितलेले. औषधपाण्यासह लाख रुपये त्याने कार्डावर उचलले. महिन्याचे पत्रक आले, त्यावर दोन आकडे होते: एकूण देणे एक लाख, किमान भरणा पाच हजार. त्याने पाच हजार भरले आणि बँकेचे आभार मानले.

त्या कार्डाचे व्याज महिना साडेतीन टक्के होते. लाखावर साडेतीन हजार, त्या व्याजावर अठरा टक्के कर ६३०, एकूण ४,१३०. म्हणजे भरलेल्या पाच हजारांतून मुद्दलात जमा झाले ८७० रुपये. आम्ही दोघांनी कागदावर बेरीज मांडली. कार्डाने दुसरी एकही वस्तू न घेता, दर महिना शिल्लक देण्याच्या पाच टक्के भरत गेले, तर दोन वर्षांत सुमारे १,०८,७०० रुपये भरून होतात आणि तरीही ८१,००० देणे उरते. त्याचे दोन वर्षांचे कागद जवळपास हेच सांगत होते. 'मी एकही हप्ता चुकवला नाही, फादर,' तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. खरेच त्याने चुकवला नव्हता. अमेरिकेतील कार्डाच्या धंद्यात पूर्वापार एक गमतीचा शब्द आहे: दर महिन्याला संपूर्ण देणे चुकते करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते 'डेडबीट', म्हणजे बुडव्या, म्हणतात, कारण त्याच्यापासून व्याज मिळत नाही. आमचा हा मुकादम त्यांच्या लेखी उत्तम गिऱ्हाईक. त्याच्या पत्रकाच्या कोपऱ्यात जमा झालेले काही गुणही छापलेले होते. ते कशासाठी असतात हे त्याला ठाऊक नव्हते.

वर्षाला तीसहून अधिक टक्के व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय आपल्या राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. व्याजाचे दर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे, असे त्यामागील कारण. कायद्याचा अर्थ न्यायालयाने लावला, त्याविषयी मला काही म्हणायचे नाही. पण चाळीस टक्क्यांच्या पुढे जाणाऱ्या व्याजाला आमच्या धर्मशास्त्राच्या वर्गात एकच नाव होते, आणि ते फार जुने आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात लिहिले की पैसा उसना देऊन त्याबद्दल व्याज घेणे म्हणजे अस्तित्वात नसलेली वस्तू विकणे. पुढे ख्रिस्तसभेने अधिक बारकाईने विचार केला. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४५ साली इटलीच्या बिशपांना पाठवलेल्या परिपत्रकात कर्जावरील नफ्याचा निषेध केला, पण कर्जाच्या बाहेरची काही न्याय्य कारणे, जसे धनकोचे प्रत्यक्ष नुकसान, मोबदल्याला पात्र ठरू शकतात हेही मान्य केले. बँकेला खर्च असतो, काही कर्जे बुडतात, हे मीही मान्य करतो. व्याजाचा प्रत्येक रुपया पापाचा आहे असे मी म्हणणार नाही. तरीही पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांविषयीच्या परिपत्रकात सांगितलेच होते, की निषिद्ध सावकारी वेष पालटून पुन्हा येते. आणि २००९ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीही दुर्बलांना सावकारीपासून स्वतःचे रक्षण करायला मदत करण्याचे आवाहन केले.

आता मूळ प्रश्न. माझ्या ओट्यावर आलेला तरुण कोणाला कर्ज देत नाही. तो देणे वेळेवर फेडतो. मग मुकादमाच्या व्याजाशी त्याचा काय संबंध?

नीतिशास्त्रात आम्हाला दुसऱ्याच्या पापातील सहभागाचे प्रकार शिकवले गेले. मनाने संमती देऊन केलेला सहभाग नेहमी सदोष. मनात संमती नसता केवळ कृतीने, आणि तोही दुरून घडलेला सहभाग पुरेशा कारणास्तव क्षम्य. या मापाने पाहता तो तरुण निर्दोष ठरतो. त्याने कार्ड घेतले नाही म्हणून मुकादमाचे व्याज एका रुपयाने कमी होणार नाही. एवढ्यावर मी त्याला 'घे, बाळा' म्हणून आशीर्वाद देऊन मोकळा होऊ शकलो असतो.

पण अक्वायनस यांनी याच प्रकरणात एक बारीक भेद केला आहे, आणि सेमिनरीत परीक्षेपुरता पाठ केलेला तो भेद इतक्या वर्षांनी माझ्यासमोर उभा राहिला. दुसऱ्याला पापाला प्रवृत्त करणे कधीच योग्य नाही. पण दुसऱ्याच्या पापाचा चांगल्यासाठी उपयोग करून घेता येतो. म्हणून गरजू माणसाने सावकाराकडून कर्ज घेतले तर दोष सावकाराचा, त्याचा नव्हे. आणि जो सावकाराकडे पैसा ठेवतो त्याचे काय? सुरक्षिततेसाठी ठेवला, आणि सावकाराजवळ धंद्याला इतर पैसा आहेच, तर दोष नाही. परंतु त्याच्या सावकारीतून आपल्याला अधिक मिळावे म्हणून, त्याला धंद्याचे साधन पुरवत ठेवला, तर तो पापाचा भागीदार होतो.

कार्ड दोन कारणांनी घेता येते. खिशात रोकड नको, परदेशी तिकीट काढता यावे, हिशेब एका ठिकाणी राहावा. ही सोय, सुरक्षितता. दुसरे कारण वाटा मिळवणे. आणि दोन कार्डांपैकी कोणते घ्यावे हा प्रश्न बहुतेक वेळा दुसऱ्या कारणातूनच उगवतो. सोयीला कोणतेही कार्ड चालते. निवड करावी लागते ती वाट्यासाठी. अर्थात अक्वायनस यांच्या डोळ्यांपुढे एक सावकार आणि एक ठेवीदार होता. येथे लक्षावधी माणसे, शेकडो बँका, आणि व्याज, शुल्क, दुकानदाराचा हिस्सा यांचे पाणी एकाच तळ्यात मिसळलेले. आपल्या ओंजळीत आलेले पाणी कोणत्या झऱ्याचे, हे सांगता येत नाही. हे न सांगता येणे आपल्याला सोयीचे वाटते, आणि त्या सोयीचीच मला भीती वाटते.

अज्ञान हाच खरा मोबदला असावा, असे कधीकधी वाटते. जुन्या काळी सावकाराच्या ओसरीवर कुळे बसलेली दिसत. सावकाराच्या घरी जेवायला गेलेल्या पाहुण्याला ती ओलांडून जावे लागे. विमानतळावरच्या आरामकक्षाच्या दारात कोणी बसलेले नसते.

या बाबतीत आपल्या समाजाला स्वतःचा इतिहास आहे, तो तरुणांना सांगितला पाहिजे. पंधराव्या शतकात इटलीतील फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी पेरुजासारख्या शहरांत दयेच्या पेढ्या काढल्या. गरिबाने वस्तू तारण ठेवावी आणि नाममात्र खर्च देऊन पैसे न्यावेत, अशी योजना. तो नाममात्र आकार सावकारी ठरतो की नाही यावर विद्वानांत मोठे रण माजले. अखेर १५१५ साली पाचव्या लॅटरन धर्मसभेत निर्णय झाला: पेढी चालवण्याच्या खर्चापुरते घेणे योग्य. आणि आपल्या वसईत १९१८ साली मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथलिक पतपेढी निघाली. आजची बॅसिन कॅथलिक सहकारी बँक ती हीच. केळी-पानमळ्याच्या हंगामापूर्वी सावकाराकडे जाणारे पाय वळवावेत, यासाठी आपल्या पूर्वजांनी आपल्याच लोकांची बचत आपल्याच लोकांच्या गरजेला जोडली. ठेवीदाराला ठाऊक असे की आपला पैसा कोणाच्या बागेत गेला आहे. कर्जदाराचा जामीन त्याच्या शेजारच्या बाकावर गुडघे टेकत असे. मी त्या काळाचे गोडवे गात नाही. जामिनावरून भावाभावांत पडलेली वैरे मिटवण्यात माझी कितीतरी वर्षे गेली आहेत. पण तेथे पैशाला चेहरा होता.

हे सारे मी त्या तरुणाला सांगितले नाही. सांगायला बसलो असतो तर तो पुन्हा ओट्यावर आला नसता. मी त्याला हिशेब सांगितला, फरशीवरून थोडे चिडवले, आणि कार्ड घेतलेस तर देणे दर महिन्याला संपूर्ण फेड, एवढे बजावले. मुकादमाविषयी एक शब्दही बोललो नाही. बोलण्याचा अधिकारही नव्हता. दोघे एकाच मिस्सेला येतात.

त्यानंतर माझी पाळी आली. हे मैल मुळात कोणाचे, हा प्रश्न जगात अनेकांना अडचणीत आणून गेला आहे. २००२ साली जर्मनीत काही लोकप्रतिनिधींनी सरकारी प्रवासात मिळालेले मैल खाजगी प्रवासाला वापरल्याचे उघड झाले. बर्लिनच्या अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री ग्रेगोर गिझी यांनी त्यावरून पद सोडले. अमेरिकेने त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर २००१ मध्ये कायदा करून सरकारी नोकरांना असे मैल स्वतःसाठी ठेवण्याची मुभा दिली होती. आपल्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या आदेशानुसार कामाच्या प्रवासात मिळालेले मैल कामासाठीच वापरायचे. खाजगी वापर केला तर खात्यांतर्गत कारवाई. एकाच प्रश्नाची ही निरनिराळी उत्तरे मी एका रात्री वाचत होतो आणि वाचता वाचता मला चर्चच्या सभागृहाचे पत्रे आठवले.

सभागृहाचे छप्पर दोन वर्षांपूर्वी बदलले. पत्र्यांचे बिल ३,४०,००० रुपये. धनादेशाला आर्थिक समितीच्या सह्या हव्यात, पावसाळा तोंडावर आलेला. म्हणून मी पैसे माझ्या कार्डाने दोन हप्त्यांत भरले आणि धर्मग्रामाच्या खात्यातून ते मला परत मिळाले. रोमला जाताना घेतलेले ते कार्ड शंभरामागे तीन मैल देई. व्यापाऱ्याने सांगितले होते, 'फादर, कार्डाने द्याल तर दोन टक्के वर पडतील.' मी घाईत मान डोलावली. ते ६,८०० रुपयेही धर्मग्रामाच्या खात्यातूनच गेले. माझ्या खात्यावर जमा झाले १०,४०४ मैल. त्यांतले सहा हजार खर्चून मी एका मित्राच्या धर्मगुरुपदाच्या रौप्यमहोत्सवाला मंगळुरूला विमानाने जाऊन आलो. तेव्हा मनाला काहीही टोचले नाही. उलट, प्रवासाला धर्मग्रामाचा एक पैसाही घेतला नाही म्हणून थोडे समाधानच वाटले होते!

१९८३ च्या कायदेसंहितेचे १२६७ वे कलम सांगते, की व्यवस्थापकाच्या हाती दिलेले दान, उलट पुरावा नसेल तर, संस्थेलाच दिले असे मानावे. १२८४ वे कलम आम्हाला चांगल्या कुटुंबप्रमुखाच्या दक्षतेने कारभार करायला सांगते. ही कलमे मी कनिष्ठ धर्मगुरूंना शिकवलेली आहेत. मैल हे दान नव्हेत, बँकेने मला व्यक्तिशः दिलेले बक्षीस आहे, असा युक्तिवाद करता येईल. मी तो एक-दोन दिवस करूनही पाहिला. पण पत्र्यांचे पैसे माझे नव्हते. त्यांत नारळ विकून दिलेले शंभर रुपये होते, आखातातून आलेले पाच हजार होते, आणि मुकादमाने पत्नीच्या आजारपणापूर्वी दिलेला एक महिन्याचा बोनस होता. त्याची पावती माझ्याच सहीची आहे.

मी आर्थिक समितीच्या खजिनदारांकडे गेलो. ते निवृत्त शिक्षक. मी बोलायला सुरुवात केली, तशी त्यांनी कपाटातून वही काढली आणि पानही न शोधता उघडली. ६,८०० च्या आकड्यापुढे पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह होते, दोन वर्षांपूर्वीचे.

'सर, तुम्ही तेव्हाच विचारायला हवे होते,' मी म्हणालो.

'फादर, तुम्हाला कसे विचारायचे?' ते म्हणाले.

मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत अधिक लागले ते हे वाक्य. व्यापाऱ्याचे दोन टक्के आणि मंगळुरूचे तिकीट हे पैशांचे प्रश्न होते, ते फेडता आले. ६,८०० रुपये आणि त्या तिकिटाच्या किमतीएवढे सहा हजार मी भरले. सरांनी 'फादरांकडून परत' असे लिहून पावती दिली. प्रश्नचिन्ह मात्र खोडले नाही. हिशेबतपासनिसाला दिसू दे, असे ते म्हणाले, आणि मीही हो म्हटले.

तो तरुण महिन्याने भेटला. त्याने लहान कार्ड घेतले. आई मे महिन्यात जाणार आहे. तिकिटाचे बहुतेक पैसे बहिणीने आणि त्याने मिळून रोख भरले, मैल अजून फारसे साठलेले नाहीत. मुकादमाचे उरलेले देणे पतसंस्थेच्या कर्जातून फेडायचे ठरले आहे. तेथील व्याज कार्डाच्या एक तृतीयांशही नाही. दोन जामीन लागतात. एक मिळाला आहे.

आणि माझ्या कार्डावर अजून ४,४०४ मैल शिल्लक आहेत. ते विकता येत नाहीत, धर्मग्रामाच्या नावावर करता येत नाहीत, आणि येत्या मार्चअखेर संपतात. त्यांचे काय करावे हा विषय सरांनी आर्थिक समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घातला आहे, पाचव्या क्रमांकावर, गटारीच्या दुरुस्तीनंतर.